सालिमा, रेणू, मॉलिक्यूल

भिवंडीत आमच्या वस्तीत 'कॉम्प्युटर' म्हटले की लोकांना दोनच गोष्टी आठवतात: एमएस-सीआयटीचे सर्टिफिकेट आणि टॅली. मुलगा टॅली शिकला की एखाद्या गोडाऊनमध्ये बिले करायला लागतो. मुलीने एमएस-सीआयटी केले की रिश्त्याच्या बायोडेटात एक ओळ वाढते. आणि 'दवा' म्हटले की मेडिकल स्टोअर. डी. फार्मसी करायची, लायसन काढायचे, नाक्यावर गाळा घ्यायचा. ही कामे हलकी नाहीत, त्यांवर कितीतरी घरे चालतात. पण कॉम्प्युटर आणि दवा या दोन शब्दांचा एकमेकांशी काही नाता असेल, हे आमच्याकडे कुणाच्या ध्यानीमनी नसते.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला सायन्स शिकवते. बी.एस्सी. केमिस्ट्री घेऊन केले, मग बी.एड. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात जंतू आणि प्रतिजैविके शिकवत होते. मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उभी राहिली. "मिस, दवा को कैसे मालूम पड़ता है किधर जाना है?"

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न हसण्यासारखा नव्हताच. नंतर कळले की तिच्या चाचांना औषधांना दाद न देणारा टीबी झाला होता. आमच्याकडे त्याला 'बिगड़ा हुआ टीबी' म्हणतात. चाचा पॉवरलूमवर कामाला. कित्येक महिने रोज सुई घेतली. टीबी गेला, सोबत कानही गेले. "सब बोलते लूम की आवाज से गए. डॉक्टर बोला सुई से गए. मिस, दवा तो अच्छा करने को होती है ना?"

दवेला काहीच मालूम नसते, हे तिला सांगावे लागले. रक्त तिला सगळीकडे नेते. दवेचा सालिमा जिथे नीट बसेल तिथे बसतो, मग ती जागा जंतूची असो की आपली स्वतःची. एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ साली यासाठी कुलूप-किल्लीची उपमा दिली, ती आजही पुस्तकात आहे. कॅनामायसिनसारखी इंजेक्शने जंतूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्राला, चिकटतात आणि ते यंत्र बिघडवतात. आता गंमत म्हणा की दुर्दैव, आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियांमध्येही स्वतःचा रायबोसोम असतो आणि तो जंतूंच्या रायबोसोमशी बराच मिळताजुळता आहे. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी या औषधाने मरतात, त्याचे एक मोठे कारण शास्त्रज्ञ हेच सांगतात. माणसात त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. किल्ली एक आणि कुलपे दोन, असा हा प्रकार.

मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेसन यांचीही श्रवणशक्ती टीबीच्या इंजेक्शनांनीच गेली. जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वापरू नका असे २०१८ मध्ये सांगितले. त्याची जागा घेणाऱ्या औषधांतले मुख्य औषध बेडाक्विलिन. त्याचे पेटंट लांबवण्याच्या अर्जाला याच नंदिताबाईंनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका मैत्रिणीसोबत हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२४ मध्ये, केंद्र सरकारने फक्त गोळ्यांचा सहा महिन्यांचा उपचार मंजूर केला. चाचांच्या वेळी हे नव्हते.

कॉम्प्युटरचे काम इथेच सुरू होते. मी वर्गात चाबीवाल्याचे उदाहरण देते. रस्त्याच्या कडेला बसलेला चाबीवाला प्रत्येक किल्ली नव्याने ओतत नाही. त्याच्या तारेत शेकडो कोऱ्या किल्ल्या असतात. कुलूप बघून तो जवळची वाटणारी निवडतो आणि मग कानशीने घासत बसतो. औषधे शोधणारा कॉम्प्युटर आधी ही निवड करतो, आणि नंतर कुठे किती घासायचे तेही सुचवतो. त्यासाठी कुलपाच्या आतला आकार माहीत हवा. प्रथिनांचे असे आकार क्ष-किरणांनी मोजून एका सार्वजनिक खजिन्यात ठेवतात, त्याचे नाव प्रोटीन डेटा बँक. १९७१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तीत सात आकार होते, २०२३ पर्यंत दोन लाखांच्या पुढे गेले. कोणीही, अगदी भिवंडीतली नववीची मुलगीसुद्धा, ते फुकट उतरवून घेऊ शकते. सालिमा त्या खाचेत फिरवून बघण्याला 'डॉकिंग' म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या अर्विन कुंट्झ यांच्या गटाने त्याचा पहिला प्रोग्राम १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. ऑटोडॉक नावाचा प्रोग्राम तर आजही फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो.

हे निव्वळ पडद्यावरचे खेळ नाहीत. रक्तदाबाची कॅप्टोप्रिल ही गोळी १९८१ साली बाजारात आली. तिची सुरुवात ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषापासून झाली. कुशमन आणि ओंडेटी यांच्यापुढे कुलपाचा आकार नव्हता, तो २००३ मध्ये मिळाला. त्यांनी तशाच दुसऱ्या एका विकराच्या आकारावरून कागदावर अंदाज बांधला आणि किल्ली घडवली. कॉम्प्युटर नव्हता, पण रीत हीच. एचआयव्हीच्या प्रोटिएजचा आकार १९८९ मध्ये उलगडला आणि त्यात बसणारे सॅक्विनाविर हे औषध १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. एका असाध्य आजाराच्या बाबतीत सहा वर्षे म्हणजे काहीच नव्हेत.

अलीकडे आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा गाजावाजा आहे. त्यातला काही रास्त आहे. अल्फाफोल्ड या प्रणालीने २०२० मध्ये प्रथिनांचे आकार नुसत्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून ओळखून दाखवले. २०२२ पर्यंत असे वीस कोटी अंदाज सर्वांसाठी खुले झाले, आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जम्पर आणि डेव्हिड बेकर यांना मिळाले. पण वर्तमानपत्रे 'आता औषधे यंत्र शोधणार' असे छापतात तेव्हा मला हसू येते. माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण नऊ तिथेच गळतात. आणि वर ज्याचे नाव आले ते बेडाक्विलिन कॉम्प्युटरने शोधलेलेच नाही. टीबीच्या जंतूचा एक निरुपद्रवी भाऊबंद घेऊन त्यावर हजारो रसायने एकेक करून टाकून पाहिली, त्यात ते हाती लागले. ते नेमके कुठे बसते हे नंतर, त्याला न जुमानणाऱ्या जंतूंचे जनुक वाचून कळले. म्हणजे किल्ली आधी आणि कुलूप मागून.

यंत्राच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न आपल्या समाजाला २०२० मध्ये घरातच भेटला. लॉकडाऊनमध्ये व्हॉट्सॲपवर संदेश फिरत होता: 'कलौंजी से कोरोना का इलाज, कंप्यूटर ने साबित किया.' कलौंजीची तारीफ हदीसमध्ये आली आहे, तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. आमच्या घरी लोणच्यात ती असतेच. पण संदेशाच्या मुळाशी होते ते डॉकिंगचे निबंध. कलौंजीतला एखादा सालिमा विषाणूच्या प्रथिनात पडद्यावर चांगला बसतो, एवढेच त्यात होते. त्या वर्षी असे निबंध ढिगाने निघाले, आणि तुळस, हळद, अश्वगंधा कोणीही त्यातून सुटले नाही. म्हणजे हा मोह कुणा एका धर्माचा नाही. पडद्यावर बसणारा सालिमा पोटात टिकेल का, रक्तातून पोचेल का, यकृत त्याचे काय करील, हृदयाचा ठोका बिघडवील का, यातले काहीही त्या आकड्यात नसते. हे मी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिले तेव्हा एका बुजुर्गांनी विचारले, "बेटी, तुम्हें कलौंजी से क्या दुश्मनी है?"

त्यांना मी हकीम अजमल खानांची गोष्ट लिहून पाठवली. दिल्लीचे हे नामवंत हकीम युनानीचे जाणते, आणि तरीही जडीबुटीत नेमके काय आहे हे केमिस्टने शोधावे असा त्यांचाच आग्रह. जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमां सिद्दीकींना त्यांनी आपल्या तिब्बिया कॉलेजात बोलावले. हकीमसाहेब १९२७ मध्ये वारले. सिद्दीकींनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळातून एक रसायन वेगळे केले, हृदयाच्या ठोक्यावर काम करणारे, आणि त्याला नाव दिले अजमलीन. त्याच सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी प्रत्यक्ष रुग्णांवर तपासून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. हकीम, केमिस्ट, डॉक्टर: दवा इतक्या हातांतून गेली तेव्हा कुठे जगाने मानली. आज त्यात कॉम्प्युटरचा एक हात वाढला आहे. चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेने भारतीय औषधी वनस्पतींमधली हजारो रसायने त्यांच्या आकारांसह एका खुल्या यादीत मांडली आहेत. युनानीची पोथी वाचू शकणाऱ्या आणि ती यादीही चाळू शकणाऱ्या मुलांची इथे गरज आहे. असे किती आहेत आपल्याकडे?

औषधे स्वस्तात बनवण्यात आपण मागे नव्हतो. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सिप्ला काढली. २००१ मध्ये त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी एचआयव्हीची औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केली, तेव्हा सारे जग चकित झाले. पण बनवणे वेगळे आणि नवे शोधणे वेगळे. शोधण्यातला आपला देशच अजून नवखा आहे.

या कामात यायचे कसे, हे पालक मला विचारतात. बारावी सायन्स, सीईटी, चार वर्षे बी. फार्मसी, मग जीपॅट देऊन दोन वर्षे एम. फार्मसी. मोहालीच्या नायपरमध्ये फार्माकोइन्फर्मॅटिक्स हा स्वतंत्र विभागच आहे. केमिस्ट्रीत बी.एस्सी. करून बायोइन्फर्मॅटिक्समध्ये एम.एस्सी. हा दुसरा रस्ता, त्याची सोय पुणे विद्यापीठात आहे. तीन महिन्यांत 'ड्रग डिझाइन' शिकवणाऱ्या सर्टिफिकेटवाल्यांपासून मात्र दूर राहावे. बटण कुठे दाबायचे ते तिथे शिकवतात, पण आलेला आकडा खोटा केव्हा असतो हे शिकवत नाहीत, आणि खरे काम तर तेच आहे. त्यासाठी ऑरगॅनिक केमिस्ट्री पक्की हवी, थोडे प्रोग्रामिंग हवे. नोकऱ्या हैदराबाद, बंगळूर, पुण्यात. संख्या फार नाही, आणि वरच्या कामाला पीएच.डी. लागते. 'घर बैठे कंप्यूटर का काम' असे समजून कोणी मुलीला पाठवू नये.

आणि पैसा, अंतर यांच्याही आधी आपली मुले अडतात ती शब्दांवर. दहावीपर्यंत ती जौहर, सालिमा, खुलिया, खामरा शिकतात. मराठी शाळेतली मुले अणू, रेणू, पेशी, विकर. अकरावीत दोघांचेही शब्द एका सकाळी गायब होतात. मराठी मुलाला निदान वर्गातली कुजबुज तरी आपल्या भाषेत मिळते, आमची मुलगी तिथेही परकी. पंच्याण्णव टक्क्यांची मुलगी दिवाळीपर्यंत आर्ट्सला जाते आणि लोक म्हणतात, उर्दू माध्यमाने वाटोळे केले. माझे या लोकांशी भांडण आहे. जिने सालिमा म्हणजे काय ते नीट समजून घेतले, तिला मॉलिक्यूल कळायला एक दिवस पुरतो. तो एक दिवस देणारा कोणीतरी हवा. म्हणून आठवीपासून मी फळ्यावर तिन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिते. बेंझिनचा षटकोन काढला की तर्जुम्याची गरजच उरत नाही, तो चीनपासून चिलीपर्यंत सारखाच.

सीएसआयआरने २००८ मध्ये टीबीच्या औषधांसाठी एक खुली मोहीम काढली होती. त्यात २०१० मध्ये देशभरातल्या शेकडो विद्यार्थ्यांनी इंटरनेटवर एकत्र येऊन टीबीच्या जंतूच्या सुमारे चार हजार जनुकांची माहिती तपासून लावली. बहुतेक साध्या कॉलेजांतली पोरे. हे मी त्या मुलीच्या वालिदांना सांगितले. त्यांनी बोटांवर हिशेब केला: चार आणि दोन सहा, वर पीएच.डी.ची पाच. "ग्यारह साल, मिस? तब तक लड़के वाले रुकेंगे?" मी म्हटले, आधी चारचेच बोलू. चाचा शेजारी बसले होते. त्यांना ऐकू आले नाही, म्हणून मुलीने सगळे वहीवर लिहून दाखवले. त्यांनी वही घेतली, वाचली आणि भावाकडे बघून मान हलवली.

ती आता बारावीत आहे. वालिद होस्टेलला तयार नाहीत. सकाळी निघून मगरिबच्या आधी घरी परतता येईल अशी ठाणे आणि कल्याणकडची फार्मसी कॉलेजे मी एका कागदावर लिहून दिली आहेत, बसच्या वेळांसकट.