विमान अर्ध्या तासाचं, प्रवास साडेचार तासांचा!

मुंबई विमानतळ ते पुण्याचं लोहगाव विमानतळ, सरळ रेषेत अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. हवेत जेमतेम अर्धा तास. 'मग रस्त्याने कोण मरायला जातंय?' असं वाटलं ना? थांबा बॉस, आधी हिशेब मांडू.

अंधेरीहून निघायचं आहे आणि पोहोचायचंय कोथरूडला. घर ते विमानतळ पाऊण तास, तोही ट्रॅफिकची कृपा असेल तर. चेक-इन, सिक्युरिटीसाठी दीड तास. धावपट्टीवरची रांग धरून उड्डाणाचा एक तास. मग बॅग, कॅब आणि पुण्याचं ट्रॅफिक, सव्वा तास. झाले की साडेचार तास! १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन १९२ किलोमीटर सव्वातीन तासांत कापते. घर ते स्टेशनचा वेळ धरला तरी सामना बरोबरीतच सुटतो. म्हणूनच इथली थेट विमानसेवा सुरू होते, बंद पडते आणि पुन्हा सुरू होते.

थोडक्यात काय, तर वेळ अंतरात जात नाही, सांध्यात जातो. आणि मुंबई-पुण्याचा सगळ्यात जुना सांधा म्हणजे आपला मावळ. मुंबई समुद्रसपाटीला, लोणावळा सहाशे मीटरच्या वर. मधे उभा बोरघाट.

१८५८ मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली, पण घाटात रूळच नव्हते! मुंबईची गाडी खोपोलीला सोडायची, पालखीने किंवा तट्टावरून घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायची. १८६३ मध्ये हा सांधा जुळला. त्यासाठी हजारो मजुरांनी जीव गमावला. आपले वाचलेले तास फुकट आलेले नाहीत.

त्याही आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, कोकणातल्या बंदरांचा माल याच भागातून वर देशावर यायचा. वाटेवरच्या कार्ले लेण्यात व्यापाऱ्यांच्या दानाचे शिलालेख आहेत. वैजयंतीचा भूतपाल शेठ तर तिथल्या चैत्याला जंबुद्वीपात सर्वोत्तम म्हणवून घेतो!

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. पुणेकराला सोयीचं खरं, पण तेही घाटाखालीच. घाट काही चुकत नाही.

मग त्याच्यावर चडफडायचं कशाला? खिडकीतून लोहगड-विसापूर दिसेपर्यंत विमान उतरायलाही लागतं. त्यापेक्षा एखाद्या रविवारी पुण्याहून लोणावळा लोकल पकडा आणि मळवलीला उतरा. भाज्याची लेणी पायी गाठता येतात. सॅकमध्ये पाणी ठेवा, फोन सायलेंटवर टाका. दोन शहरांच्या घाईत जो मावळ नुसता ओलांडला जातो, तिथे एकदा पोहोचून तर बघा!