क्रेस्टा : तिघींतली तिसरी

एखादी कृती दुर्लक्षित राहिली असे आपण म्हणतो, तेव्हा ती नेमकी कोणाकडून दुर्लक्षित राहिली हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आम्ही जिच्याविषयी लिहिणार आहोत ती कृती पुस्तक नाही, मोटार आहे. आणि ह्या पानांवर मोटारीला जागा असावी की नाही, याबद्दल सुज्ञ वाचकांइतकीच आम्हालाही शंका आहे. परंतु २०२३ पासून आमच्या घरात जे काही बारकाईने वाचले गेले, त्यातले निम्मे तरी ह्या मोटारीच्या निमित्ताने वाचले गेले. तेवढ्या आधारावर हे धाडस.

१९९६ साली टोयोटाने जपानमध्ये मार्क टू, चेसर आणि क्रेस्टा ह्या तीन मोटारींची नवी पिढी बाजारात आणली. तिघींचा पाया एक, एंजिने एक. कंपनीची विक्री तेव्हा वेगवेगळ्या दुकानसाखळ्यांत वाटलेली होती : मार्क टू टोयोपेट दुकानांत, चेसर ऑटो दुकानांत, क्रेस्टा व्हिस्टा दुकानांत. प्रत्येक साखळीला आपली म्हणून एक मोटार हवी असल्याने एकाच संहितेची जणू तीन मुखपृष्ठे निघाली. मार्क टू थोरली आणि घरंदाज. चेसर नावाप्रमाणेच पाठलाग करणारी, जरा उनाड. क्रेस्टा मात्र सभ्य. पहिल्या दोघींच्या दारांना काचेभोवती चौकट नाही, त्यामुळे काचा खाली केल्या की त्या मोकळ्याढाकळ्या दिसतात. क्रेस्टाच्या दारांना चौकट आहे. स्पॅनिशमध्ये ह्या शब्दाचा अर्थ तुरा. आमच्या प्रतीच्या मागच्या बाजूस ‘रूलाँ जी’ अशी अक्षरे आहेत. रूलाँ हा शब्द फ्रेंच, आणि त्याचा अर्थ फिरते, घरंगळते असे काहीतरी. जपानी मोटारीला स्पॅनिश नाव आणि फ्रेंच आडनाव द्यावे, ह्यात त्या काळातल्या जपानी मध्यमवर्गाच्या स्वप्नांविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

बॉनेट उघडले की सभ्यता संपते. आत सहा सिलिंडरचे, २४९१ घनसेंटिमीटरचे टर्बो एंजिन आहे, ‘वन-जेझेड-जीटीई’ ह्या रुक्ष नावाचे. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूवर एक चक्र फिरते आणि ते चक्र ताजी हवा दाबून पुन्हा एंजिनात भरते. जे वाया जाणार त्याच्याच जोरावर पुढचा श्वास घ्यायचा, अशी ही युक्ती. कागदोपत्री शक्ती २८० अश्वशक्ती. हा आकडा मात्र सावधपणे वाचावा लागतो, कारण जपानी मोटार कंपन्यांमध्ये १९८९ च्या सुमारापासून असा अलिखित समझोता होता की २८० च्या वरचा आकडा कोणी जाहीर करायचा नाही. तो २००४ मध्ये मोडला. दरम्यानच्या पंधरा वर्षांत कित्येक मोटारींनी आपले सामर्थ्य लपवून हाच एक आकडा छापला. सेन्सॉरच्या काळातले साहित्य वाचताना जी सवय लागते, ती इथे उपयोगी पडते.

आता दुर्लक्षाविषयी. चेसर पुढे घसरत्या चाकांच्या खेळात, म्हणजे ड्रिफ्टिंगमध्ये, नावाजली गेली. तिच्या चित्रफिती निघाल्या, तिची खेळणी निघाली, आणि जगभरच्या तरुणांनी तिला अभिजाताचा दर्जा दिला. क्रेस्टा घेणारे लोक कचेरीतले विभागप्रमुख वगैरे असावेत. त्यांनी ती धुतली, वेळेवर तेल बदलले, आणि तिच्याविषयी एक अक्षर लिहिले नाही. ज्या कृतीचे वाचक बोलत नाहीत ती मागे पडते, मग ती दर्जाने कितीही बरोबरीची असो. आम्ही शोधाशोध सुरू केली तेव्हा चांगल्या चेसरच्या निम्म्याहून कमी किमतीत तितकीच चांगली क्रेस्टा मिळत होती. हा फरक एंजिनाचा नव्हता, समीक्षेचा होता.

जपानमध्ये जुनी मोटार घ्यायची म्हणजे बहुधा लिलावातून, आणि लिलावात मोटार प्रत्यक्ष पाहण्याआधी तिचा तपासणी-कागद वाचायचा. हा एकपानी कागद म्हणजे आमच्या मते वाङ्मयाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. वरच्या कोपऱ्यात एकूण गुण, शेजारी अंतर्भागासाठी अक्षर. आमच्या गाडीला साडेतीन आणि बी. खाली मोटारीची उलगडलेली आकृती, तिच्यावर जागोजाग अक्षरे : ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनंतर राहिलेली लहर, पुढच्या अंकावरून त्याची तीव्रता कळते. आणि तळाशी परीक्षकाचे हस्ताक्षर. हे हस्ताक्षर घाईचे असते, छापील जपानी वाचणारी यंत्रे त्याच्यापुढे हात टेकतात, आणि सारे रहस्य तर तिथेच. आम्ही एकेका चिन्हाच्या रेघा मोजत शब्दकोश धुंडाळला. ‘एकच मालक’ हे लागले. ‘नोंदवही आहे’ हे लागले. ‘टायमिंग बेल्ट बदललेला’ हे कळल्यावर आम्ही चहा केला. शेवटची ओळ होती ‘शितामावारी साबी’, म्हणजे खालच्या अंगाला गंज. साबी! बाशोच्या हायकूंवर बोलताना आपण वर्गात जो शब्द भारावून उच्चारतो, तोच उच्चार गंजाचाही आहे. चिन्हे तेवढी वेगळी. परीक्षकाला अर्थातच एकाकी सौंदर्याशी कर्तव्य नव्हते, त्याला पत्रा दिसत होता. आम्ही तळाची जास्तीची छायाचित्रे मागवली. गंज वरवरचा होता.

गाडी मार्च १९९८ मध्ये बनलेली. अमेरिकेत पंचवीस वर्षे पुरी झालेल्या परदेशी मोटारीला तिथल्या सुरक्षा-मानकांची अट लागत नाही. उत्सर्जनाच्या केंद्रीय नियमांतून तर एकविसाव्या वर्षीच सूट मिळते. वयाची मोजणी बनल्याच्या महिन्यापासून. म्हणजे मार्च २०२३ पर्यंत ही मोटार अमेरिकन कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ निषिद्ध ग्रंथ होती आणि एप्रिलमध्ये ती नुसती जुनी झाली. ऑक्टोबरमध्ये आम्ही बोली लावली. जपानी नोंदणी रद्द झाल्याचा दाखला, दोन अमेरिकी अर्ज, अडीच टक्के जकात, दलालाची फी. ह्या भागात सांगण्यासारखे काही नाही. योकोहामाहून निघालेले जहाज पनामाच्या अलीकडे रखडले, कारण त्या वर्षीच्या अवर्षणाने गटून तलावाची पातळी खाली गेली होती आणि कालव्यातून रोज सोडायची जहाजे कमी केली होती. जानेवारी २०२४ मध्ये गाडी बाल्टिमोरला उतरली. जहाज ज्या पुलाखालून आत आले, तो पूल २६ मार्चला एका मालवाहू जहाजाच्या धडकेने कोसळला, त्यावर काम करणारे सहा मजूर गेले आणि बंदराची वाट अकरा आठवडे अडली.

पहिल्यांदा बसलो तेव्हाचा अनुभव मात्र लिहिलाच पाहिजे. आम्ही दोघेही मोटार शिकलो ती पुण्यात, मारुतीवर. त्यानंतरची सोळा वर्षे डावीकडे बसण्यात गेली. क्रेस्टाचे चक्र उजवीकडे. दिशादर्शकाची दांडी उजव्या हाताशी, काचपुसण्याची डाव्या. गल्लीच्या तोंडाशी वळताना बोटे आपोआप बरोबर दांडीवर गेली. मेंदूला ठाऊक नसलेले काही बोटांनी जपून ठेवले होते, जसे मोडीचे वळण आमच्या आजोबांच्या बोटांत शेवटपर्यंत होते. रस्ता अमेरिकेचा, त्यामुळे गाडी उजव्या कडेने, आसन पुण्याचे. दोन भाषांत एकाच वेळी बोलावे तसे ते वाटते, आणि पुढची गाडी ओलांडताना शेजारी बसलेल्याने डोकावून ‘जा’ म्हणावे लागते. म्हणून ही गाडी एकट्याने चालवण्यात मजा नाही.

मंडळाच्या गणपतीला एका काकूंनी विचारले, “अगं, जुनी कॅमरी घेतलीत का? नवी का नाही घेतली? सगळं ठीक आहे ना?” ह्या तिसऱ्या प्रश्नात खरी काळजी होती. आम्ही ‘हो काकू, जुनीच’ एवढेच म्हटले. त्याउलट व्हर्जिनियातल्या एका तरुणाने बॉनेटखाली पाहून तिथल्या तिथे आकडा सांगितला, फक्त एंजिन आणि गिअरबॉक्ससाठी. आम्ही अख्ख्या गाडीला दिले होते त्याहून जास्त. बाकीचे धूड तुम्ही ठेवा, म्हणाला. मुलगा चांगला होता, त्याला त्या एंजिनाविषयी आमच्यापेक्षा दसपट माहिती होती. उताऱ्यापुरते पुस्तक वाचणारेही पुष्कळदा असेच जाणकार असतात.

त्याचा दूरध्वनी क्रमांक आम्ही ठेवला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो बाहेर निघाला, कारण आमच्यापैकी एकाची नोकरी गेली, आणि दुसऱ्याचा व्हिसा त्याच नोकरीवर टांगलेला. अशा वेळी नवी नोकरी शोधायला साठ दिवस मिळतात. साठ दिवसांचा हिशेब सुरू झाला की घरातल्या वस्तू वस्तू राहत नाहीत, यादी होतात. पुस्तके पुण्याला पाठवायची, सोफा कोणाला द्यायचा, कॅमरी (ती खरोखरच आहे आमच्याकडे) विकायची. क्रेस्टापाशी लेखणी थांबली. अपवादात्मक संग्राह्य मोटारी वगळता, तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार भारतात आणता येत नाही. जिथे तिचे चक्र योग्य बाजूला आले असते, जिथे आमच्या बोटांची सवय आणि रस्त्याची कड एकमेकांशी जुळली असती, त्या एकाच देशाचे दार तिला बंद. आणि जिथे ती आजन्म उलट्या बाजूने चालणार, तिथे तिला राहण्याचा हक्क निव्वळ वयाने मिळाला आहे. तिला कोणी साठ दिवस मोजून देत नाही. रात्री स्वयंपाकघरात बसून हे एकमेकांना वाचून दाखवताना आम्ही हसलोही, पण ते हसणे फार वेळ टिकले नाही.

एंजिन तेवढे विकावे का, ह्यावर आमच्यात दोन दिवस अबोला होता. एकाचे म्हणणे, तीन महिन्यांचे घरभाडे निघते. दुसरीचे म्हणणे, मग एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून त्या अनोळखी मालकाने दर सहा महिन्यांनी तेल बदलून नोंदवहीत ठेवलेल्या शिक्क्यांचे काय करायचे? वहीतले त्याचे नाव निर्यातीपूर्वी काळ्या शाईने झाकलेले आहे. शिक्के मात्र आहेत, एकही चुकलेला नाही.

सत्तेचाळिसाव्या दिवशी नोकरी मिळाली. एंजिनाच्या झाकणावर बेल्ट बदलल्याची चिकटपट्टी आहे, ९८,४०० किलोमीटरची. हे काम दर लाखाला करायचे असते. काटा आज १,१९,००० वर आहे. यादी फ्रिजवर तशीच लावलेली आहे, सोफ्याच्या आणि कॅमरीच्या ओळी खोडून. क्रेस्टाच्या ओळीपुढे काय लिहायचे ते अजून ठरलेले नाही.