गाडीची टाकी आणि तात्यांची विहीर



आज पिकावर नाही, गाड्यांवर लिहितोय. गेल्या महिनाभरात तिघा-चौघांनी फोन करून एकच विचारलं, "तुमचं ते गाड्या मुक्कामाला थांबवायचं कसं चाललंय? आमच्याकडंही रस्त्याला लागून पडीक रान आहे, करावं का?" प्रत्येकाला फोनवर सगळं सांगून होत नाही. आणि खरं सांगायचं तर निम्मी गोष्ट मी सांगायचीच टाळत होतो. ती निम्मीच जास्त कामाची आहे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. आमचं रान चौफुला-न्हावरे रस्त्यापासून आत, पारगावच्या बाजूला. आम्ही दौंड तालुक्यात, भीमेचा पूल ओलांडला की शिरूर. मोरगाव, सिद्धटेक करून रांजणगावला जाणाऱ्या अष्टविनायकाच्या काही गाड्या या बाजूनं येतात. हिवाळ्यात भिगवणचे रोहित पक्षी बघायला जाणारेही वाट वाकडी करून मुक्कामाला थांबतात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० ला आलं, मार्च २०२१ ला कॅरॅव्हॅन पर्यटनाचं. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकावरचं घर. आत झोपायची सोय, स्वयंपाकाचा ओटा, कधी न्हाणी आणि संडाससुद्धा. आमच्याकडं तीस गुंठे मुरमाड तुकडा होता, त्यात बाजरीसुद्धा धड येत नव्हती. तिथं चिंचेखाली चार गाड्यांची जागा केली. मुरूम दाबला, प्लग दिले, दोन संडास, दोन न्हाण्या बांधल्या. जेवण घरचंच.

लोकांना वाटतं, गाडी आली, लावली, सकाळी पैसे देऊन गेली. काम काय त्यात?

काम सकाळी साडेपाचला सुरू होतं. टाकीत पाणी आहे का बघा. प्लग गरम झालेत का बघा. दीड टनाचा एसी दीड-दोन किलोवॅट ओढतो, तीन गाड्यांनी एकदम लावला की आमचा दिवा मिणमिणतो. त्यातच पहिला सल्ला देऊन ठेवतो. शेतीपंपाच्या कनेक्शनवरून पाहुण्यांना वीज देऊ नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये तो अनधिकृत वापर धरतात आणि आकारणी दुप्पट दरानं होते. वेगळं मीटर घ्या.

पाऊस झाला की दुसरी काळजी. मुरमावर गाडी उभी राहते, पण तिथवर यायची वाट काळ्या रानातून. एकदा पाच टनांची गाडी आसापर्यंत रुतली, ट्रॅक्टर लावून काढली.

संध्याकाळची काळजी बिबट्याची. जागेपासून शंभर फुटांवर ऊस आहे. २०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं. त्यानंतर मी नियमच केला. दिवेलागणीनंतर लहान मूल एकटं गाडीबाहेर दिसलं की मी स्वतः जाऊन आईबापाला सांगतो. काहींना राग येतो. येऊ द्या.

पण या सगळ्या काळज्या डोळ्यांना दिसतात. जी दिसत नव्हती, तिनं मला झोपवलं.

गेल्या माघी गणेश जयंतीच्या आदल्या दिवशी चारही जागा भरल्या होत्या. चार नंबरला एक मोठी गाडी, आठ माणसं. रात्री जेवण झाल्यावर त्यांच्या ड्रायव्हरनं मला विचारलं, "दादा, संडासची टाकी कुठं खाली करायची?" मी ताटं उचलत होतो. म्हटलं, "सकाळी बघू."

बघू म्हणालो कारण माझ्याकडं जागाच नव्हती. आमच्या दोन संडासांना टाकी होती, पण गाडीची टाकी रिकामी करायला वेगळं तोंड काढलेलं नव्हतं. तोवर आलेल्या गाड्या लहान होत्या, लोक आमचेच संडास वापरायचे. मी तो प्रश्न पुढं ढकलत आलो होतो.

त्यांना रांजणगावला पहाटेच्या दर्शनाला पोचायचं होतं. ड्रायव्हर साडेचारला उठला. मला उठवलं नाही. मागच्या चारीत टाकी सोडली आणि गेला.

त्या आठवड्यात आमची रात्रीची लाईट होती. मोटार चालू, चारीला पाणी. चारी पुढं माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या विहिरीच्या कडेनं जाते. जुनी दगडी विहीर, एका बाजूचे दगड निखळलेले. सकाळी तात्या म्हशीला पाणी काढायला गेले तर कडेच्या दगडांवरून निळसर पाणी ओघळत होतं. गाडीच्या संडासात वास मारायला निळं केमिकल घालतात, त्याचा तो रंग.

तात्यांच्या घरी नळ आहे. पण त्याच विहिरीवरून तात्यांच्या उसाला आलेली तोडणीची टोळी पाणी भरायची. आष्टीकडची दहा कोयती, म्हणजे दहा जोडपी, आणि त्यांची लेकरं. बांधाच्या पलीकडंच त्यांच्या कोप्या.

तिसऱ्या दिवशी टोळीतल्या एका पोराला जुलाब लागले. दौंडला दवाखान्यात नेलं, दोन दिवसांत बरं वाटलं. विहिरीच्या पाण्यानंच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत. दवाखान्याचे पैसे मी दिले. पोराच्या आईनं माझ्याकडं बघितलं, काही बोलली नाही.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून तपासणीची बाटली आणली. तुम्ही पाहिली असेल, विहिरीचं पाणी घालून ठेवायचं, जंतू असले तर एक-दोन दिवसांत काळं पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली डांबरासारखी काळी.

आता इथं मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी तात्यांना म्हणालो, "तात्या, ही विहीर आधीपासूनच खराब असंल. आपल्या वरच्या अंगाला रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा भीमेला मिळती. पुण्याचं सगळं सांडपाणी घेऊन येती. नदीला जलपर्णी बघा की. तेच झिरपलं असंल."

बोलणं अगदीच खोटं नव्हतं. या पट्ट्यातल्या माणसाला नदीचं पाणी काय झालंय ते सांगायला नको. आधीची तपासणी कुणी केलेली नव्हती, त्यामुळं विहीर आधी चांगली होती असं सिद्धही करता येत नव्हतं. पुण्यावर ढकललं की मी सुटत होतो.

तात्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुण्याचं पाणी पुण्याच्या नावावर. हे निळं कुणाच्या नावावर?"

मी गप्प.

"आपण सगळे ओरडतो, वरचा माणूस खालच्याचा इचार करीत नाय म्हणून. चारीवर तू वरचा आन् मी खालचा. तुझ्या गाड्या माझ्या बांधावरनं येत्यात, ती वाट मी अडवणार नाय. तुझ्या बापाला शब्द दिलाय. पण पाणी चांगलं होईस्तोवर गाडी आणू नको."

वाट कागदावर नाही. भावाभावांच्या शब्दावर आहे. तात्यांनी एक दगड टाकला असता तरी माझा धंदा त्याच दिवशी संपला असता. त्यांनी टाकला नाही, म्हणून मला जास्त लागलं.

चाळीस दिवस बंद ठेवलं. आलेले आगाऊ पैसे परत केले. बँकेचा हप्ता काही बंद राहिला नाही, तो कांद्याच्या पैशातून भरला. विहीर तीन वेळा उपसली, निखळलेले दगड बसवून कठडा उचलून घेतला, जलसुरक्षकानं मोजून टीसीएल टाकली. तोवर टोळीला रोज आमच्या नळाचं पाणी ट्रॅक्टरवर टाकीनं दिलं. बाटली दोनदा लागोपाठ स्वच्छ आली तेव्हा तात्यांना दाखवली.

या चाळीस दिवसांत जे शिकलो, ते ज्यांना करायचंय त्यांनी लिहून घ्या.

एक. आधी खड्डा, मग गाडी. गाडीची टाकी रिकामी करायला झाकणाचं वेगळं तोंड, तिथून सेप्टिक टाकी, तिचं पाणी शोषखड्ड्यात. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान ६० फूट लांब पाहिजे. मी दोन्ही विहिरींपासून २०० फूट ठेवला, तोही उताराच्या खालच्या अंगाला.

दोन. काळ्या रानात शोषखड्डा घेऊ नका. न्हाणीचा पहिला खड्डा मी काळ्यात घेऊन फसलो होतो. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात, बादली ओतली की पाणी गडप, वाटतं काम झालं. पहिल्या पावसात माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्डा तोंडापर्यंत भरून उभा राहतो. मुरमात घ्या. खड्डा खणून आधी पाणी भरून भिजू द्या, दुसऱ्या दिवशी परत भरा आणि पाणी किती वेळात उतरतं ते बघा.

तीन. मला वाटलं होतं, हा मैला गोबर गॅसला जोडावा. केमिकलचा असेल तर अजिबात नको. ते जंतू मारायलाच असतं, गॅस करणारे जंतूही मारतं, आणि सेप्टिक टाकीचं कामही तेच जंतू करतात. आता फोनवर जागा देतानाच विचारतो, केमिकल वापरता का? वापरत असाल तर त्यासाठी ५०० लिटरची वेगळी बंद टाकी ठेवलीय. भरली की मैला उपसणारी गाडी बोलवायची. आणि ती गाडी पुढं कुठं नेऊन ओतते हेही विचारायचं. पहिल्या गाडीवाल्यानं नीट उत्तर दिलं नाही, त्याला परत पाठवला. दुसरा शोधला, तो शहरातल्या मैला शुद्धीकरण केंद्राची पावती आणून दाखवतो.

चार. न्हाणीचं पाणी खडी-वाळूच्या वाफ्यातून कर्दळीला आणि केळीला सोडलंय. पण साबणातला सोडा रानात साठतो, काळी माती चोपण होते. एकाच जागी वर्षानुवर्षं सोडू नका, जागा बदला.

पाच. सुरू करायच्या आधी शेजारच्या विहिरींचं पाणी तपासून कागद करून ठेवा. भांडायला नाही, आपल्यालाच कळावं म्हणून.

आता राहिलेली गोष्ट.

खड्डा बांधून झाला त्या दिवशी तात्या बघायला आले. टाकीचं झाकण उचलून बघितलं, पाईपाचा उतार बघितला. "चांगलं केलंस," म्हणाले. मग कोप्यांकडं बघून म्हणाले, "तुझे पावणे गाडीत घर घेऊन येत्यात. हेबी बैलगाडीत घर घेऊनच येत्यात की. बाप होता तवापास्नं येत्यात. यांच्यासाठी कवा बांधला रं आपण खड्डा?"

ते मला एकट्याला विचारत नव्हते. ऊस त्यांचा, माझाही. इतकी वर्षं टोळी आपल्याच रानात उतरते. बाया अंधार पडायची वाट बघत बसतात आणि मग उसाच्या कडेला जातात. त्याच उसात बिबट्या असतो. पाहुण्यांच्या लेकरांना मी दिवेलागणीनंतर बाहेर पडू देत नाही.

टोळी जाईपर्यंत तीन आठवडे राहिले होते. दोन्ही संडासांपैकी एक त्यांना दिला, वाटेला बल्ब लावला. पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पोराची आई आली, मग बाकीच्या येऊ लागल्या. पाडव्याच्या आत पट्टा पडला, टोळी गेली. पुढच्या हंगामाला कोप्यांच्या बाजूला दोन संडास बांधायचं ठरलंय, निम्मा खर्च तात्यांचा, निम्मा माझा.

गाड्या परत सुरू झाल्यात. परवा दोन होत्या. खड्ड्यानं पावसाळा अजून बघितलेला नाही, तो बघितला की कसं टिकलं ते इथंच लिहीन.

ज्यांनी फोन केले होते त्यांना माझं उत्तर: करा, चार पैसे मिळतात. पण जागा बघायला जाल तेव्हा रस्त्याकडं तोंड करून उभं राहू नका. उताराकडं तोंड करा आणि खाली कुणाची विहीर आहे ते बघा.

तुमच्याकडं टोळीसाठी कुणी संडास बांधले असतील तर कसे बांधले, खर्च किती आला, जरूर लिहा. आम्हाला दसऱ्याच्या आत काम उरकायचंय.

राम कृष्ण हरी.