घट्ट रक्त, निळी बोटे

‘रक्त घट्ट झाले आहे’ असे आपण सहज म्हणतो आणि ते पातळ करणारी गोळी सुरू करतो. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या एका रुग्ण आजींच्या घरीही तसेच झाले होते. हिवाळ्यात त्यांच्या बोटांची टोके निळी पडत, पायांवर जांभळी जाळी उमटे. मीही ते वयावर आणि थंडीवर ढकलले. पुढे नाकातून रक्त येऊ लागले, दृष्टी धूसर झाली, तेव्हा मी जागा झालो. ईएसआर शंभराच्या पुढे होता; प्रथिनांच्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीत निदानाची दिशा सापडली.

स्वीडनचे डॉ. यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९४४ मध्ये वर्णिलेला हा विकार. यात अस्थिमज्जेतील पेशी आयजीएम हे आकाराने मोठे प्रथिन बेसुमार निर्माण करतात. रक्तद्रव दाटतो, तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात आणि त्वचेतील सूक्ष्म वाहिन्यांत प्रवाह मंदावतो. काहींमध्ये हे प्रथिन थंडीत गोठतेही. शिवाय ते प्लेटलेट्सचे काम बिघडवते. म्हणून रक्त दाट असूनही नाक, हिरड्या वाहतात. ॲस्पिरिनने हा दाटपणा उतरत नाही, रक्तस्राव मात्र वाढू शकतो. आजींचा प्लाझ्मा यंत्राद्वारे बदलला, तेव्हा दृष्टी निवळली. मूळ विकारावरचे उपचार त्यानंतर सुरू झाले.

म्हणून अशी गोळी स्वतःहून सुरू करू नका. डॉक्टरांनी दिलेली स्वतःहून थांबवूही नका. घरातील वृद्धांचे हात मात्र अधूनमधून हाती घेऊन पाहा. निळी बोटे, वाहणारे नाक आणि धूसर दृष्टी एकत्र दिसली, तर ‘वय झाले’ म्हणण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मला ते उशिरा सुचले.