आईचे गुडघे

दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातली कितीतरी गावे ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात. अशा जोडप्याला नावही ‘कोयता’च! माझे आईवडील त्यांतलेच. वाकून ऊस तोडायचा, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. पंचेचाळिशीतच आईचे गुडघे कुरकुरू लागले. कूर्चेची झीज नुकती सुरू झाली आहे, शस्त्रक्रिया नको, असे डॉक्टर म्हणाले.

उपायांची वाण नव्हती. निरगुडीच्या पाल्याच्या शेकाने बरे वाटे, तेही घटकाभर. गोळीने ठणका थांबतो, परंतु ती रोज घेतली तर जठराला नि मूत्रपिंडांना बाधते. त्या मानाने वेदनाशामक मलम निर्धोक. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाचा गुण काही आठवडेच टिकतो. भरवशाचा उपाय फुकटचाच निघाला: पाय पसरून बसायचे, गुडघ्याखालची कापडाची गुंडाळी दाबत मांडी आवळायची, पाच आकडे मोजून सोडायची. मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्याला आधार मिळतो.

लठ्ठ माणसाचे एक किलो वजन घटले, तर दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे २००५ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळले. पण आईच्या अंगावर मांस आहेच कुठे? तिचे ओझे डोक्यावरचे!

उचल फिटेपर्यंत ते उतरत नाही. आई पहाटे कोपीत मांडी आवळते. तेवढे तिच्या हातचे आहे. मोळीचे ओझे कमी करण्याविषयी मात्र आपण शिकलेल्यांनी बोलायला हवे.