अर्धा टक्का, एक मत

३१ मे २०१२ रोजी आयर्लंडच्या मतदाराच्या हाती जी मतपत्रिका पडली, तिच्यावर ना तुटीचा उल्लेख होता ना कर्जाचा. खाली दिलेल्या विधेयकातून राज्यघटनेत सुचवलेली दुरुस्ती तुम्हाला मान्य आहे का, एवढंच आयरिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत विचारलं होतं. सोबत विधेयकाचं लांबलचक नाव आणि होय-नाहीचे दोन चौकोन. सरकारनं दर वर्षी किती खर्च करायचा, किती उसने घ्यायचे आणि डोक्यावरचं कर्ज किती वेगानं उतरवायचं, याचा अख्खा युरोपीय करार त्या चौकोनांमागे होता. फुली मारताना आपण नेमकं कशाला होय किंवा नाही म्हणणार, हे ठरवण्यात माझा तो सगळा मे महिना गेला.

मी मूळची गोव्यातली, फोंड्याची. नर्स म्हणून डब्लिनला आले तेव्हा इथल्या इस्पितळांना नर्सेस हव्या होत्या आणि देशात पैसा खेळत होता. २०११च्या उन्हाळ्यापासून इथं नागरिकत्व देण्याचे समारंभ सुरू झाले. अशाच एका समारंभात न्यायाधीशांसमोर उभं राहून मी निष्ठेची शपथ घेतली. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे पुढे भारतीय पासपोर्ट दूतावासात जमा केला आणि गोव्यातलं माझं मत तिथेच संपलं. त्याच्या बदल्यात मिळालेलं हे पहिलं मत. ते कुणाच्या सांगण्यावरून किंवा रागाच्या भरात टाकायचं नाही, एवढं मनाशी पक्कं होतं.

हा करार २ मार्च २०१२ रोजी युरोपीय संघातल्या २५ देशांनी केला होता. ब्रिटन आणि चेक प्रजासत्ताक बाहेर राहिले. पण आपल्या जनतेला विचारणारा देश एकच, आयर्लंड. याचं श्रेय रेमंड क्रॉटी या माणसाला द्यायला हवं. शेती करता करता अर्थशास्त्राकडे वळलेल्या क्रॉटींनी ‘सिंगल युरोपियन ॲक्ट’ या युरोपीय कराराला कोर्टात आव्हान दिलं आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. देशाचं सार्वभौमत्व बांधून घेणारा करार असेल तर घटनादुरुस्ती हवी, आणि घटनादुरुस्ती म्हटली की लोकांचा कौल आलाच. एका माणसाच्या हट्टामुळे पुढच्या पिढ्यांना विचारलं जाऊ लागलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

मात्र ज्या रात्री विचारायला हवं होतं, त्या रात्री कुणी विचारलं नाही. २९ सप्टेंबर २००८च्या रात्री सरकारनं सहा बँकांच्या देण्यांना हमी दिली. सुमारे ४४० अब्ज युरोंची हमी, आणि देश सकाळी उठला तेव्हा ती देऊन झालेली होती. बँका सावरण्यासाठी पुढे ६४ अब्ज युरोंच्या आसपास ओतावे लागले. २०१० साली सरकारी तूट जीडीपीच्या ३२ टक्क्यांपर्यंत गेली. त्या नोव्हेंबरात युरोपीय संघ आणि नाणेनिधीसमोर हात पसरून ८५ अब्जांचं पॅकेज घ्यावं लागलं, आणि त्यातलेही साडेसतरा अब्ज आमचेच होते, देशानं पेन्शनसाठी राखून ठेवलेल्या निधीतले आणि गंगाजळीतले.

त्याची झळ माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर ओळीओळीनं दिसत होती. मार्च २००९ मध्ये पेन्शनच्या नावानं नवी कपात, जानेवारी २०१० मध्ये मूळ पगारालाच कात्री, पुढच्या वर्षी ‘युनिव्हर्सल सोशल चार्ज’ हा नवा कर. नवी भरती जवळपास बंद. वॉर्डात एखादी नर्स सोडून गेली की तिची जागा रिकामीच राहायची आणि तिचे रुग्ण आम्ही उरलेल्या जणी वाटून घ्यायचो. नव्यानं लागणाऱ्या मुलींचा पगार तर सुरुवातीलाच दहा टक्क्यांनी कमी केला होता. आमच्याकडची अशीच एक तरुण आयरिश मुलगी ऑस्ट्रेलियाला निघाली होती. ती म्हणाली, “घोळ घातला बँकवाल्यांनी आणि शिस्त मला शिकवणार? मी जायच्या आधी ‘नाही’वर फुली मारूनच जाणार.” तिला उत्तर द्यावं असं माझ्याकडे काही नव्हतं. त्याच दुपारी डायलिसिसच्या खुर्चीत बसलेले एक निवृत्त आजोबा म्हणाले, “मी होय म्हणणार, पण खुशीनं नाही. पेन्शन वेळेवर यावं, एवढंच.” दोघंही खरंच बोलत होते.

रस्त्यावर विजेच्या खांबाखांबांवर फलक लागले. एक बाजू याला स्थैर्याचा करार म्हणे, दुसरी काटकसरीचा. फाइन गेल, लेबर, फिएना फॉल हे मोठे पक्ष होयच्या बाजूनं. शिन फेन, समाजवादी आणि काही कामगार संघटना नाहीच्या बाजूनं. फलक वाचून मत बनत नाही. सार्वमत आयोगाची पुस्तिका घरी आली होती, ती घेऊन मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले.

मुख्य नियम दोन. सरकारची ‘संरचनात्मक तूट’ जीडीपीच्या अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि कर्ज जीडीपीच्या ६० टक्क्यांवर असेल तर वरचा भाग दर वर्षी सरासरी एक-विसांश या गतीनं कमी करायचा. दुसऱ्या नियमानं लोकांना धडकी भरली होती. आमचं कर्ज १२० टक्क्यांच्या दिशेनं चाललं होतं. वरच्या ६० टक्क्यांचा विसावा भाग म्हणजे वर्षाला ३ टक्के, म्हणजे जवळपास पाच अब्ज युरो. पण पेन्सिल घेऊन बसलं की कळतं, इथे कर्जाचं जीडीपीशी असलेलं प्रमाण खाली आणायचंय, दर वर्षी पाच अब्ज रोख मोजायचे नाहीत. अर्थव्यवस्था वाढली तर ते प्रमाण आपसूकच उतरतं. न वाढली तर मात्र हाच नियम गळ्याशी येतो. होयवाले पहिलं सांगत, नाहीवाले दुसरं. दोन्ही वाक्यं एकत्र म्हणणारा नेता मला त्या महिन्यात भेटला नाही.

संरचनात्मक तूट समजायला माझं काम उपयोगी पडलं. डायलिसिसच्या रुग्णाचं एक ‘ड्राय वेट’ असतं, अंगात साठलेलं जादा पाणी वगळून त्याचं वजन किती भरेल ते. वजनकाटा ते दाखवत नाही. सूज, रक्तदाब, श्वास पाहून डॉक्टर अंदाज बांधतात. अंदाज चुकला तर पायांत गोळे येतात, रक्तदाब कोसळतो, आणि मग आकडा सुधारला जातो. संरचनात्मक तूटही अशीच. तेजी-मंदीचा फुगवटा वगळला तर सरकारची तूट किती उरेल, याचा तो तज्ज्ञांनी बांधलेला अंदाज. अंदाज असतो म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. ड्राय वेटशिवाय आम्ही एक दिवसही काम करू शकणार नाही. पण असा अंदाज देशाला बांधून घालणाऱ्या करारात लिहिताना, तो चुकला तर सुधारणार कोण आणि किती लवकर, हे लोकांना सांगायला हवं होतं.

मग मी २००७ सालचं आयर्लंड या नियमांना लावून पाहिलं. सरकारी कर्ज जीडीपीच्या जेमतेम २५ टक्के, अंदाजपत्रकात थोडी शिल्लकसुद्धा. त्या वेळच्या आकड्यांवर सगळ्या कसोट्यांना उतरणारा देश! घरांच्या खरेदी-विक्रीवरच्या मुद्रांक शुल्कानं तिजोरी फुगलेली होती, आणि खरं कर्ज बँका आणि बिल्डरांच्या वह्यांत वाढत होतं. ते या करारात मोजलंच जात नाही. म्हणजे ज्या आजारानं देश आडवा झाला, त्याच्यावरचा इलाज या कागदात नव्हता. त्या रात्री माझं मन ‘नाही’कडे झुकलं होतं.

तिथून परत फिरवलं ते कराराच्या प्रस्तावनेतल्या एका कलमानं. १ मार्च २०१३ पासून युरोपच्या ५०० अब्जांच्या नव्या स्थैर्य निधीतून मदत मिळेल ती करार मंजूर केलेल्या देशांनाच. नाहीवाले याला धमकी म्हणत, आणि धमकी ती होतीच. फ्रान्समध्ये नुकतेच निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष ओलांद करारात बदल मागत होते, तेव्हा थोडं थांबा, असाही त्यांचा युक्तिवाद होता. पण १७ पैकी १२ युरो-देशांनी मंजुरी दिली की करार लागू होणार होता. आमच्या नकारानं तो थांबणार नव्हता, फक्त आम्ही दाराबाहेर राहणार होतो. आणि २०१३च्या अखेरीस आमचं पॅकेज संपणार होतं. २०११च्या जुलैत आयर्लंडच्या दहा वर्षांच्या कर्जरोख्यांवरचा व्याजदर १४ टक्क्यांच्या घरात गेला होता. पुन्हा तशी वेळ आली तर पगार, पेन्शन, डायलिसिसची औषधं कशातून द्यायची?

त्या दिवसांत मला माझ्या आजोबांची फार आठवण येई. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोवेकरांना विचारलं होतं, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. आजोबांनी फुलावर मत दिलं आणि दोन पानं सुमारे ३४ हजार मतांनी जिंकली. हरल्याचं त्यांना वाईट वाटलं असणार, पण कौल खोटा होता असं ते कधी म्हणाले नाहीत. कारण विचारण्याची रीत त्यांना मान्य होती. सरकारचा दबाव नको म्हणून मुख्यमंत्री बांदोडकरांच्या मंत्रिमंडळानं मतदानाआधी राजीनामा दिला होता. विलीनीकरणाच्या बाजूचा ‘गोमन्तक’ आणि विरोधातला ‘राष्ट्रमत’ ही दोन्ही मराठी दैनिकं आजोबा वाचत, ‘राष्ट्रमत’मधलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ सदरही सोडत नसत. आयर्लंडमध्येही १९९५ साली पॅट्रिशिया मॅकेना यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की सार्वमतात सरकारनं जनतेचा पैसा एकाच बाजूच्या प्रचारावर उधळायचा नाही. आमच्या घरी आलेली ती निःपक्ष पुस्तिका त्याच निकालाच्या पोटातून जन्मली.

अशा किचकट गोष्टी सामान्यांना विचारूच नयेत, असं म्हणणारे शिकलेले लोक मला तेव्हा भेटले, आजही भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. भारतानं २००३ साली वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला. तुटीच्या ३ टक्क्यांचं उद्दिष्ट ठरलं आणि पुढे अनेकदा लांबणीवर पडलं. ते कधी ठरलं आणि कधी लांबलं, हे फोंड्याच्या बाजारात कुणाच्या कानावर तरी आलं असेल का? इथे त्या मे महिन्यात बसस्टॉपवर, चर्चच्या आवारात, आमच्या चहाच्या सुट्टीत लोक एक-विसांशाचा हिशेब करत होते. चुकत होते, भांडत होते, पण करत होते. विचारलं तर लोक वाचतात. २००८च्या त्या रात्री असं कुणी वाचायला बसलं असतं तर ४४० अब्जांवर सही इतक्या सहज झाली नसती, असं मी आजही मानते.

मतदानाच्या आदल्या रात्री मी स्वतःशी निवाडा केला. बँकांनी आणि सरकारनं केलेल्या अन्यायाबद्दल मत मागणारा चौकोन या कागदावर नव्हता. त्याचा हिशेब २०११च्या निवडणुकीत, हमी देताना सत्तेत असलेल्या फिएना फॉलला २० जागांवर आणून लोकांनी अंशतः केलाही होता. नियम अपुरा आहे, पण उधळपट्टीला काही आवर हवा, हेही मला मान्य होतं. आणि मदतीचं दार बंद झालं तर पहिला फटका खुर्चीतल्या रुग्णाला बसणार, मंत्र्याला नाही. मी ‘होय’वर फुली मारली. त्या तरुण मुलीला तसं सांगितलं. ती नाराज झाली, पण माझी कारणं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतली.

६० टक्क्यांहून थोड्या अधिक मतांनी करार मंजूर झाला. डॉनेगलचे दोन्ही मतदारसंघ आणि डब्लिनमधले तीन ‘नाही’ म्हणाले. १५ डिसेंबर २०१३ रोजी आयर्लंड पॅकेजमधून बाहेर पडला, आणि त्या स्थैर्य निधीकडे कधी जावं लागलं नाही. कोविडच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, युरोपनं हे वित्तीय नियम बाजूला ठेवले आणि २०२४ मध्ये त्यांची नव्यानं मांडणी केली. मग तुझं होय फुकट गेलं की, असं मला विचारतात. नाही. मे २०१२ मध्ये जे समोर होतं, त्यावरून मी आजही तेच मत देईन. त्या नियमाबद्दलची माझी तक्रारही तशीच आहे: सरकारचं कर्ज मोजून भागत नाही, बँकांचंही मोजा.

मतदान मात्र निम्म्याच लोकांनी केलं, ५० टक्क्यांच्या जरा वर. आयर्लंडमध्ये आता मराठी मंडळी पुष्कळ आहेत. स्थानिक निवडणुकीत इथं राहणाऱ्या कुणालाही मत देता येतं, सार्वमतात फक्त नागरिकाला. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मिळालं म्हणून मतदार यादीतली नोंद आपोआप बदलत नाही, ती मागून बदलून घ्यावी लागते. तेवढं आजच करून ठेवा, आणि पुढच्या वेळी आयोगाची पुस्तिका दारात पडली की रद्दीत टाकू नका.