कूपर्सटाउनचे कीर्तिमंदिर

२०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस मुलीकडे अमेरिकेला जाण्याचा योग आला. तिचे बिऱ्हाड न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी शहरी. तेथून मोटारीने दीड तासावर कूपर्सटाउन नावाचे चिमुकले गाव आहे. माझा बारा वर्षांचा नातू बेसबॉलचा निस्सीम भक्त. “आजोबा, तुम्ही मला पंढरपूरला नेलंत, आता माझ्या पंढरपूरला चला,” असे त्याने म्हटल्यावर नाही म्हणणे शक्यच नव्हते.

गाव ऑट्सेगो सरोवराच्या काठी वसलेले. भोवती झाडीने भरलेल्या टेकड्या. सस्क्वेहॅना नदीचा उगम याच सरोवरातून होतो. कादंबरीकार फेनिमोर कूपर यांच्या वडिलांनी हे गाव वसविले. १८३९ साली ॲबनर डबलडे याने येथे बेसबॉलचा शोध लावला, अशी दंतकथा पुढे रूढ झाली. वास्तविक त्या वर्षी तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता! परंतु दंतकथेच्या पुण्याईने गावाचे तीर्थक्षेत्र झाले आणि १२ जून १९३९ रोजी येथे बेसबॉलपटूंचे कीर्तिमंदिर उघडले.

आम्हां बडोदेकरांना कीर्तिमंदिर म्हटले की गायकवाड घराण्याची स्मारकवास्तू आणि नंदलाल बोसांची भित्तिचित्रे आठवतात. तेथे स्थान मिळते ते कुळामुळे. येथे मिळते ते मतांमुळे. निदान दहा हंगाम खेळून निवृत्त झाल्यावर पाच वर्षे लोटली की खेळाडूचे नाव क्रीडापत्रकारांपुढे येते. पंचाहत्तर टक्के मते पडली तरच प्रवेश. दहा वर्षांत ती न मिळाल्यास नाव यादीतून जाते. १९३६ च्या पहिल्या मतदानात साक्षात बेब रूथलाही २२६ पैकी २१५ च मते पडली. एकही मत विरुद्ध न जाता निवडला गेलेला पहिला खेळाडू मारियानो रिवेरा, आणि तोही २०१९ साली.

निवडलेल्यांचे कांस्यफलक असलेल्या दालनात पाऊल टाकताच आवाज आपोआप खाली येतो. प्रत्येक फलकावर चेहरा आणि चार ओळींचे चरित्र. नातू मात्र तेथे नसलेल्यांची नावे मोजू लागला. “पीट रोझ नाही. ४२५६ हिट्स! एवढ्या कुणाच्याच नाहीत. बॅरी बाँड्स नाही. ७६२ होमरन!”

जावई म्हणाले, “रोझ संघाचा व्यवस्थापक असताना आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावीत होता. १९८९ मध्ये त्याला कायमचे बाहेर काढले ते उगीच नाही. बाँड्सवर उत्तेजक औषधांचे सावट आहे. मतदारांनी सचोटी आणि चारित्र्यही पाहावे, असा नियमच आहे.”

“मग कॅप ॲन्सन कसा आत?” नातू उसळला. “कृष्णवर्णीयांबरोबर खेळायला त्याचा विरोध होता ना?”

जावई निरुत्तर झाले. ॲन्सनचा फलक १९३९ पासून त्या भिंतीवर आहे. ज्यांना वर्णभेदामुळे मुख्य स्पर्धांत खेळता आले नाही, अशा कृष्णवर्णीय स्पर्धांतल्या खेळाडूंसाठी दार उघडले ते १९७१ साली, सॅचेल पेजपासून. चारित्र्याचा तराजूसुद्धा त्या त्या काळाच्या हातात असतो.

रोझ सप्टेंबर २०२४ मध्ये वारला. आम्ही गेलो त्याच्या दोनच आठवडे आधी त्याच्यावरील बंदी मरणोत्तर उठविण्यात आली होती. त्यामुळे नाव विचारात घेण्याची वाट मोकळी झाली, एवढेच. मात्र वरच्या मजल्यांवरील संग्रहालयात रोझच्या वस्तू आहेत. बाँड्सने २००७ मध्ये जुना विक्रम मोडला, तो चेंडू विकत घेणाऱ्याने त्यावर संशयाची खूण म्हणून तारांकन कोरून घेतले. तो चेंडूही संग्रहालयाने स्वीकारला. म्हणजे एकाच छपराखाली इतिहास त्यांना विसरत नाही आणि सन्मान त्यांना ओळखत नाही.

“आजोबा, तुम्ही हेडमास्तर. तुम्हीच निकाल द्या,” नातू म्हणाला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मला आमच्या शाळेतला गुणवंतांचा फलक आठवत होता. अनेक वर्षांपूर्वी दहावीत पहिला आलेल्या एका मुलाचे नाव मी त्यावर लिहू दिले नाही. नववीत तो नक्कल करताना सापडला होता. दहावीचे यश निखालस त्याचे स्वतःचे होते. तरी ‘इतर मुलांपुढे आदर्श कोणता?’ असे म्हणून मी अडून बसलो. त्या सालापुढची ओळ आजही कोरी आहे. कोणी विचारले तर शिपाई सांगतो, रंगारी विसरला. शिक्षेचे कारण कुणालाच ठाऊक नाही आणि मुलाचे कष्टही कुणाला ठाऊक नाहीत. कोरी ओळ काहीच शिकवीत नाही.

“रोझला आत घ्यावे,” मी अखेर म्हणालो, “पण त्याच्या फलकावर ४२५६ च्या खालीच त्याच्या जुगाराचीही ओळ कोरावी.” नातवाला निम्मा निकाल पटला, जावयांना उरलेला निम्मा. परतीच्या वाटेवर सरोवर दिसेनासे होईपर्यंत दोघे भांडत होते.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मी रंगाऱ्याला निरोप धाडला. त्या मुलाचे नाव त्याच्या सालापुढे आले. त्याचा अपराध मात्र मी लिहविला नाही. तो त्याने नववीतच फेडला होता. थकबाकी माझ्याकडची होती.